नव्या विभागांचे प्रस्ताव : हा पसारा आवरायचा कसा?

टाचणी

मंडळी, गेले काही महिने आपल्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरच्या 'नवे विभाग सुचवा' पानाची झाडलोट माझ्याकडे आहे. झाडलोट म्हणजे दुबार प्रस्ताव एकमेकांना जोडायचे, भांडणं सोडवायची आणि 'आमच्या प्रस्तावाचं काय झालं?' असा निरोप आला की 'बघतेय' म्हणून कळवायचं. बघण्यासारखं तिथे काही घडतच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू?

आत्ताची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला विषय सुचला तो धागा काढतो, दोन ओळी लिहितो, खाली '+१'ची (म्हणजे 'माझाही पाठिंबा'ची) रांग लागते. विषयात काय बसतं आणि काय नाही, आधीच्या कुठल्या विभागाशी टक्कर होते, नाव काय ठेवायचं, चिन्ह कुठल्या रंगाचं, सगळं त्याच रांगेत. मध्येच कुणी खरोखरचा प्रश्न विचारतो, कुणी त्याला खरोखरचं उत्तर देतो आणि ते उत्तर तिथेच गाडलं जातं. पन्नासाव्या प्रतिसादाला आलेला माणूस वरचं वाचत नाही. '+१' देतो आणि जातो.

शाईपेनांचा प्रस्ताव घ्या. (दौत, रागावू नका. तुमचाच घेतेय, कारण आहेत त्यात तो चांगला आहे.) चाळीसएक जणांनी '+१' दिला. मी म्हटलं, प्रत्येकाने एकच प्रश्न लिहा, पण स्वतःला पडलेला. आठवड्यात तीन आले. पहिला, 'सगळ्यात चांगलं शाईपेन कोणतं?' दुसरा, 'नवशिक्याने कोणतं शाईपेन घ्यावं?' तिसरा खुद्द दौतांचा: 'शाई कागदावर केसासारखे फाटे फोडत पसरते. दोष कागदाचा, शाईचा की निबेचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?'

पहिल्या दोघांना वीस-वीस उत्तरं येतील आणि प्रत्येक जण आपापल्या खिशातल्या पेनाचं नाव सांगेल. तिसऱ्याला एखादंच येईल, पण ते पुढे कधीही शोधत आलेल्या माणसाच्या कामी येईल. विभाग काढायचा तो अशा प्रश्नांसाठी. असे प्रश्न पुरेसे आहेत का आणि उत्तर देणारी माणसं आहेत का, एवढं प्रस्तावावरून कळलं तरी पुष्कळ. आपल्या पानावरून नेमकं तेवढंच कळत नाही.

माझ्या डोक्यात असं आहे. प्रस्तावाचं वर्णन एका जागी. ते कुणालाही सुधारता यावं, म्हणजे चर्चेत ठरेल तसं तिथे चढत जाईल. चर्चा त्याच्या मागच्या पानावर. आणि तिसरी जागा उबवणीची. तिथे त्या विषयाचे खरे प्रश्न, खरी उत्तरं, प्रस्तावाच्या नावाचा टॅग लावून. विभाग निघाला की सगळं उचलून तिकडे न्यायचं. आणि '+१' बंद.

बोला.

रिकामा_रकाना

+१

(कृहघ्या, म्हणजे कृपया हलकेच घ्या)

सत्तावीस_टॅब

टाचणीताई, हे सगळं एकदा होऊन गेलंय. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तर साइट २००८ मध्ये निघाली, पाठोपाठ तशाच सर्व्हर फॉल्ट आणि सुपर यूजर. ते चाललं म्हटल्यावर त्यांनी २००९ मध्ये तेच इंजिन 'स्टॅक एक्स्चेंज' या नावाने भाड्याने द्यायला काढलं, महिना १२९ डॉलरपासून. पैसे भरा, विषय निवडा, साइट तुमची. साइटी निघाल्या भरपूर, पण बऱ्याचशा ओसाड. पैसे भरायला एक हौशी माणूस पुरतो. त्याच्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग २०१० मध्ये त्यांनी भाडं बंद केलं आणि 'एरिया ५१' उघडलं. तिथे नवी साइट फुकट, पण चाळणीतून जायचं. पहिल्या टप्प्यावर विषयाची व्याख्या, आणि ती परिच्छेद लिहून करायची नाही, नमुना प्रश्न देऊन करायची. एका माणसाला पाचच प्रश्न देता येत. पुढे सरकायला ६० अनुयायी आणि किमान ४० प्रश्न असे, की ज्यांना प्रत्येकी निव्वळ १० मतं पडली आहेत. सुरुवातीच्या काळात तर 'हे आमच्यात बसत नाही' असे विषयाबाहेरचे नमुनेही मागत. मला ती कल्पना फार आवडायची. कुंपण कुठे आहे ते बाहेरच्या प्रश्नांवरून लवकर कळतं.

त्यानंतरचा टप्पा बांधिलकीचा. २०० जणांनी 'मी येईन' म्हणून सही करायची आणि त्यांतल्या १०० जणांच्या नावावर दुसऱ्या एखाद्या साइटवर २०० तरी गुण हवेत. म्हणजे हौशे-नवशे-गवशे सगळे चालतील, पण निम्मे तरी आधी कुठेतरी राबलेले हवेत. मग बंद दाराआड चाचणी, मग सगळ्यांना खुली.

आपल्याला एवढी चाळणी झेपणार नाही, माणसंच कमी आहेत. पण '+१'च्या जागी नमुना प्रश्न, हे मात्र आजपासून करा.

उंटावरचा

इतका खटाटोप कशाला? रेडिटने २००८ मध्ये सांगून टाकलं की ज्याला हवा त्याने आपला सबरेडिट, म्हणजे आपल्या विषयाचा विभाग, काढावा. ना प्रस्ताव, ना सह्या. चालला तर चालला, नाही तर पडून राहील. आपण मात्र मूल जन्मायच्या आधीच त्याची दहावीची परीक्षा घेतोय.

सत्तावीस_टॅब

@उंटावरचा, गप्पांच्या जागेला ते चालतं. रिकाम्या सबरेडिटमध्ये गेलात तर दहा सेकंद वाया जातात. रिकाम्या प्रश्नोत्तर विभागात माणूस प्रश्न टाकतो, आठ दिवस वाट बघतो, पुन्हा येऊन बघतो, उत्तर नाही. तो परत येत नाही आणि दहा जणांना सांगतो की तिकडे कुणी नसतं. शिवाय सर्चमधून येणाऱ्याला विभाग वेगळा आणि साइट वेगळी, हे कळत नाही. नाव आपलंच खराब होतं.

उंटावरचा

मान्य. उंटावरून अर्धा उतरलो.

जुनाखोड

तुम्ही २००८ म्हणता, मी अजून मागे जातो. यूजनेटवर, म्हणजे वेबच्याही आधीच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, नवा न्यूजग्रुप (चर्चागट) काढायचा म्हणजे एक सोहळा असे. आधी चर्चेसाठी निवेदन टाकायचं. त्यावर काही आठवडे काथ्याकूट, त्यातला निम्मा नावावरून: अमुक विषय विज्ञानाच्या शाखेत की करमणुकीच्या? मग मतदानाचं निवेदन. मतं ईमेलने, मोजणारा तिऱ्हाईत. 'हो' म्हणणारे 'नको'पेक्षा किमान १०० ने जास्त हवेत आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवेत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ग्रुप.

ऐकायला कसं चोख वाटतं! पण मत देणाऱ्याने पुढे त्या ग्रुपमध्ये एक अक्षर लिहावं अशी अट कुठेच नव्हती. मित्राने सांगितलं म्हणून मत दिलेले लोक मी पाहिलेत. मी स्वतः दिलंय. एका ग्रुपसाठी 'हो' म्हणून मेल टाकली आणि त्या ग्रुपचं नाव पुन्हा उच्चारलंसुद्धा नाही. मत द्यायला एक मेल, लिहायला आयुष्य.

आणि दुसरी बाजूही सांगतो. मोठ्या शाखांमध्ये कुठला ग्रुप निघावा हे काही थोड्या मोठ्या यंत्रांच्या चालकांच्या हातात एकवटलं, तेव्हा १९८७ मध्ये काही जणांनी वैतागून 'ऑल्ट' ही वेगळीच शाखा काढली. तिथे ग्रुप काढायला मतदान लागत नसे. कचरा खूप झाला, पण काही फार चांगले ग्रुपही तिथेच वाढले. टाचणीबाई, दार फार घट्ट लावलंत तर लोक भिंत फोडतात, एवढं ध्यानात असू द्या.

रिकामा_रकाना

खोडकाका, दंडवत. हे असले प्रतिसाद वाचायला मी इथे येतो.

दौत

माझं नाव निघालंच आहे तर बोलतो. रागावलो नाही, पण लागलं.

प्रस्ताव टाकला तेव्हा मला खरंच वाटलं होतं की चाळीस माणसं आहेत. रोज उघडून बघायचो, आज किती झाले. टाचणीताईंनी प्रश्न मागितले आणि सगळे गायब. आधी ताईंचा राग आला, की चांगला चाललेला धागा मारला. नंतर कळलं, धागा चालला नव्हताच, आकडा चालला होता.

याआधी दुसऱ्या एका साइटवर मी हाच प्रस्ताव टाकला होता. (नाव नको.) तिथे तर कुणी काही विचारलंही नाही. सहा महिन्यांनी 'निष्क्रिय म्हणून बंद' अशी एक ओळ. काय कमी पडलं, काय केलं असतं तर चाललं असतं, काही नाही. त्या मानाने 'तीनच प्रश्न आले' हे ऐकून निदान काय करायचं ते कळलं. त्यामुळे माझी एकच मागणी: प्रस्ताव बंद करा, पण कारण लिहा. आणि परत मांडायची वाट ठेवा.

सत्तावीस_टॅब

@दौत, परत मांडण्याला तर भरभक्कम पूर्वज आहेत. स्टॅक एक्स्चेंजवर खगोलशास्त्राची साइट एकदा चाचणीतच आटोपली, तिचे प्रश्न भौतिकशास्त्रात गेले, आणि २०१३ मध्ये ती नव्याने उभी राहिली. अर्थशास्त्राचंही तसंच, दुसऱ्यांदा २०१४ मध्ये. साहित्याची साइट पहिल्या खेपेला बंद पडली, ती २०१७ मध्ये परत आली. तिन्ही आज आहेत. उलट सैद्धांतिक भौतिकशास्त्राची वेगळी साइट भौतिकशास्त्रात विरली ती विरलीच. ते बघून मला वाटतं, शेजारी तोच विषय घेऊन बसलेला मोठा विभाग असेल तर धाकट्याला स्वतःचं घर मिळणं फार अवघड.

कडेकडेने

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), उबवणीची कल्पना विकिमीडियावाले, म्हणजे विकिपीडिया चालवणारे, २००६ पासून वापरतायत. नव्या भाषेचा विकिपीडिया हवा असेल तर थेट मिळत नाही. आधी इन्क्युबेटरवर त्याची चाचणी आवृत्ती चालवायची, लेख लिहायचे, पडद्यावरच्या सूचना त्या भाषेत आणायच्या. भाषा समिती मुख्यतः बघते ते हे, की काही माणसं सलग महिनोन्‌महिने लिहितायत का. एकाच माणसाने एका रात्रीत पाचशे लेख ओतले तर ते धरत नाहीत. कोडिडॅक्ट या प्रश्नोत्तर साइटवरही प्रस्तावांसाठी वेगळी जागा आहे आणि तिथेच त्या विषयाचे खरे प्रश्न विचारता येतात. म्हणजे टाचणी म्हणतेय ते अगदीच हवेतलं नाही.

माझी शंका वेगळी आहे. उबवणीत सगळ्या प्रस्तावांचे प्रश्न एकत्र दिसणार? शाईपेन, त्याखाली मधमाश्या, त्याखाली बुद्धिबळ? मधमाश्यांचा जाणकार तिथे कशाला थांबेल?

टाचणी

@कडेकडेने, एकत्र दिसणार, पण टॅगवर टिचकी मारली की फक्त मधमाश्या. तोच दुवा मधमाश्यांच्या लोकांना पाठवायचा. थोडी सरमिसळ मला उलट हवीच आहे. बुद्धिबळासाठी आलेल्या माणसाला शाईचं उत्तर ठाऊक असतं, असं बऱ्याचदा दिसलंय.

@दौत, कारण लिहिण्याचं शंभर टक्के मान्य. मीही दोन प्रस्ताव नुसते बंद केलेत. आज जाऊन लिहिते.

खोडरबर

यंत्रणा सांभाळणारा म्हणून रडगाणं गातो. कुणीतरी गायलाच पाहिजे.

'उचलून तिकडे न्यायचं' हे टाचणीने एका वाक्यात उरकलंय. प्रश्न हलवला की लेखकाचं नाव सोबत गेलं पाहिजे, आपला परवानाच तसं सांगतो. ज्याचं खातं नव्या विभागात नाही त्याच्या नावाने तिथे खातं बनवावं लागतं, तेही त्याला न विचारता. जुना दुवा नव्याकडे वळला पाहिजे. उबवणीत मिळालेले गुण सोबत न्यायचे की नाही, यावरून नक्की भांडण होणार. माझं मत, न्यायचे. ज्यांनी रिकाम्या घरात दिवे लावले त्यांना पहिल्या दिवशी शून्यावर बसवणं बरं दिसत नाही. शिवाय गुण असले तर त्यांनाच सुरुवातीला संपादनाचे अधिकार मिळतात, आणि नव्या विभागाला तेच लागतं.

टॅगचं सोपं आहे. प्रत्येक प्रस्तावाला एक सक्तीचा टॅग, तो लावल्याशिवाय प्रश्न टाकताच येणार नाही. हे दोन दिवसांचं काम.

वर्णन कुणालाही सुधारता येणं, इथे मात्र मी घाबरतो. सायकलींचं आठवतंय ना?

पहिलाच_प्रतिसाद

मी नवीन आहे. सायकलींचं काय झालं होतं?

खोडरबर

एकाने 'सायकल' असा प्रस्ताव टाकला. दुसऱ्याने 'सायकल दुरुस्ती' टाकला, कारण त्याच्या मते पहिल्यात कपड्यालत्त्याच्या गप्पा होणार. तिसऱ्याने 'लांब पल्ल्याची सायकल'. तिघांचे समर्थक जवळपास तेच. चौथ्याने येऊन पहिल्याच्या वर्णनात दुरुस्ती आणि लांब पल्ला दोन्ही घातले. दुसऱ्याने ते काढले. हे रात्री दोनपर्यंत चाललं. शेवटी मी कुलूप लावलं आणि तिन्ही गटांनी मिळून मला शिव्या घातल्या. त्यांचं एकमत झालेलं तेवढंच.

जुनाखोड

आणि दुरुस्तीवाल्याचे प्रश्न तिघांत उत्तम होते, हे विसरू नका. साखळी किती ताणली की बदलायची, मागचा गिअर अर्ध्यावर का उडी मारतो, असे. त्याला सांगायला हवं होतं की बाबा, 'सायकल'मध्ये ये, तुझ्यामुळेच तो विभाग उभा राहील. त्याला आपण 'दुबार' असा शिक्का मारला. गेला तो.

टाचणी

खोडकाका, तो शिक्का मीच मारला होता.

तेव्हा पानाची जबाबदारी नवीनच होती, दुबार दिसला की जोडायचा एवढंच कळत होतं. आता जोडताना मी आधी दोघांशी बोलेन. आणि छोट्या प्रस्तावाचे प्रश्न मोठ्याच्या टॅगखाली नेताना त्याचं नाव वर्णनात सहप्रस्तावक म्हणून लिहायचं, असं सुचवते. नाव दिसलं की माणूस राहतो.

वर्णनाबद्दल: सुधारणा कुणीही सुचवावी, मान्यता प्रस्तावकाने किंवा पानाच्या कारभाऱ्याने द्यावी. रात्री दोनला कारभारी झोपलेला असेल.

उंटावरचा

आणि आकडा? किती प्रश्न झाले की विभाग? आकडा नसेल तर कारभाऱ्याच्या मर्जीवर चालणार, आणि मग दौत म्हणतात तसं 'निष्क्रिय म्हणून बंद'.

सत्तावीस_टॅब

आकड्यांचाही इतिहास आहे. स्टॅक एक्स्चेंजवर चाचणीतल्या साइटची तब्येत बघायला एक फळा असे. दिवसाला १५ प्रश्न म्हणजे ठणठणीत, ९० टक्के प्रश्नांना उत्तर म्हणजे ठणठणीत, वगैरे. पण १५ प्रश्नांचा आकडा विषयाला विचारून ठरलेला नव्हता. प्रोग्रामिंगमध्ये रोज १५ प्रश्न पडतातच. एखाद्या जुन्या भाषेच्या व्याकरणात आठवड्याला पाच पडले आणि पाचही उत्तम सुटले तर तो विभाग मेलेला कसा? पुढे त्यांनी तो आकडा १० वर आणला, आणि छोट्या साइटी वर्षानुवर्षं चाचणीतच नांदत राहिल्या. म्हणून मी म्हणतो, विचारलेल्या प्रश्नांचा आकडा ठेवू नका. उत्तरांचा ठेवा. आणि किती वेगवेगळ्या माणसांनी उत्तरं दिली त्याचा.

कडेकडेने

हे पटलं. प्रश्न एक माणूस रात्रीत तीस टाकू शकतो. तीन अनोळखी माणसांकडून बरी उत्तरं आणवणं त्याला जमत नाही.

रिकामा_रकाना

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(विनोद होता, जमला नाही.)

खोडरबर

मग असं धरू का: उबवणीत वीस प्रश्न सुटलेले, उत्तरं देणारी किमान पाच वेगळी माणसं, आणि त्यांतल्या दोघांची कारभार बघायची तयारी. आकडे अंदाजाने टाकतोय, पहिल्या दोन-तीन प्रस्तावांवर चालवून बघू आणि बदलू. मुदत नको. मुदत ठेवली की शेवटच्या आठवड्यात लोक भरताड घालतात.

उंटावरचा

पाच माणसं कमी वाटतात. एक आजारी पडला, एकाची नोकरी बदलली की तीन.

दौत

पाच मिळाली तरी मी नवस फेडेन हो.

जुनाखोड

पाचच ठेवा. मी पाहिलेला सगळ्यात चांगला ग्रुप चार माणसांवर चालत होता, आणि त्यांतले दोन एकमेकांशी बोलत नसत.

टाचणी

ठीक. खोडरबर टॅगची सक्ती करून देतोय, तोवर मी जुन्या प्रस्तावांची वर्णनं वेगळी काढते. '+१' असलेले प्रतिसाद उडवत नाही, फक्त झाकते. कुणाला बघायचे असतील तर उघडता येतील. बंद केलेल्या दोन्ही प्रस्तावांवर कारणं लिहून आलेय. सायकलवाल्या त्या माणसाला निरोप पाठवलाय, अजून उत्तर नाही. शाईपेनं पहिली जातील उबवणीत, दौतांचा प्रश्न आत्ताच हलवलाय.

गुण न्यायचे की नाही, यावर वेगळा धागा काढा. इथे नको, हात जोडते.

पहिलाच_प्रतिसाद

शाईपेनांचंच चाललंय म्हणून विचारते. चित्रकलेची काळी शाई पेनमध्ये भरली होती, महिनाभर तसंच पडून राहिलं, आता अजिबात लिहीत नाही. पाण्यात रात्रभर ठेवून पाहिलं. टाकून द्यावं का?

दौत

नका टाकू! तशा बऱ्याच शायांमध्ये लाख असते, ती एकदा वाळली की साध्या पाण्याला दाद देत नाही. म्हणूनच ती शाईपेनमध्ये कधी भरत नाहीत. आधी सांगा, पेनचा मागचा भाग कशाचा आहे? कारण स्पिरिटने लाख सुटते, पण काही प्लॅस्टिकं स्पिरिटने तडकतात, त्यामुळे आधी

खोडरबर

दौत, थांबा! इथे नको, उबवणीत. ताई, तुम्ही प्रश्न तिकडे टाका, टॅग 'शाईपेन'. सक्ती अजून चालू झालेली नाही, तेव्हा टॅग हातानेच लावा.

पहिलाच_प्रतिसाद

टाकला. मागचा भाग पारदर्शक प्लॅस्टिकचा आहे, तेही लिहिलंय.